पांढरी गाडी छायाचित्रात राखाडी का दिसते?

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. या बनावटीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि शहरातील टॅक्सींना वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने तिच्या निरोपाचा दिवस आधीपासूनच ठरलेला होता. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यात अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि कोलकात्याच्या पिवळ्या टॅक्सीही वयोमर्यादेमुळे हळूहळू दिसेनाशा होत आहेत. घरोघरीही हेच घडते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. मग नूतनीकरण करायचे, विकायची की भंगारात द्यायची, याचा निर्णय घ्यावा लागतो. गाडी दारातून जाते आणि मागे उरतात ती छायाचित्रे.

ही छायाचित्रे बहुधा निराश करतात. ज्या गाडीतून मुलांना पहिल्यांदा शाळेत सोडले, वडिलांना रुग्णालयात नेले, गावी जाताना घाट चढले, तीच गाडी चित्रात परकी वाटते. तिचे नाक फुगल्यासारखे दिसते, पांढरा रंग मळकट राखाडी होतो आणि दारावर समोरच्या कुंपणाचे व छायाचित्र घेणाऱ्याच्या पायांचे प्रतिबिंब उमटलेले असते. कॅमेरा साधा होता, अशी समजूत करून घेऊन विषय संपवला जातो. वास्तविक दोष क्वचितच कॅमेऱ्याच्या किमतीत असतो. मोटारीचे छायाचित्रण हा प्रकाशाच्या वागणुकीचा प्रश्न आहे. ती वागणूक समजली की साध्या मोबाइलवरही बरेच काही साधते आणि नंतरच्या संपादनाला फारसे काम उरत नाही.

मोटार ही छायाचित्रणासाठी विलक्षण वस्तू आहे, कारण ती जवळजवळ आरसा आहे. रंगाच्या थरावर चढवलेले पारदर्शक लेपन, काचा आणि क्रोमचे बंपर हे सर्व पृष्ठभाग भोवतालचे जग परत फेकतात. बॉनेट आणि छप्पर आकाश दाखवतात. दारे क्षितिजाजवळचे सारे काही दाखवतात, म्हणजे भिंती, झाडे, शेजारची दुचाकी आणि कॅमेरा धरलेला माणूस. काळ्या गाडीवर ही प्रतिबिंबे सर्वांत ठळक दिसतात. पांढऱ्या गाडीचा रंग स्वतःच भरपूर प्रकाश विखुरतो, त्यामुळे तीवर प्रतिबिंबे पुसट होतात. याचा अर्थ असा, की छायाचित्रकाराने गाडीकडे पाहण्याआधी गाडीत काय दिसते आहे ते पाहायला हवे. गाडी दोन हात पुढे घेतली किंवा स्वतः चार पावले बाजूला सरकले, तरी दारावर पडलेला विजेचा खांब निघून जातो. तोच खांब संगणकावर पुसायला अर्धा तास लागतो आणि पुसल्याची खूण बहुधा राहतेच.

भर दुपारी हा आरसा सर्वांत निर्दय असतो. डोक्यावरचे ऊन बॉनेटवर एकच पांढराफटक डाग पाडते आणि चाकांच्या कमानींत काळोख भरते. सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे मात्र या कामासाठी अमूल्य असतात. त्या वेळी थेट ऊन नसते, पण पश्चिमेचे आकाश एखाद्या विस्तीर्ण पडद्यासारखे उजळलेले असते. गाडीची बाजू पश्चिमेकडे करून आपण पश्चिमेला पाठ केली, तर तो उजेड गाडीच्या अंगावर लांब, अखंड पट्ट्यासारखा पसरतो आणि पत्र्याची वळणे उमटतात. ढगाळ दिवसही चांगला. पावसाळ्यात ओल्या डांबरावर दिव्यांचे प्रतिबिंब पडते, ते वेगळेच.

कॅमेऱ्याच्या मापकाचा भ्रम

आता शीर्षकातील प्रश्नाकडे वळू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर काय आहे हे ठाऊक नसते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ, म्हणजे साधारण राखाडी छटेचे असेल, या गृहीतकावर तो मुळात बेतलेला आहे. चौकट पांढऱ्या गाडीने भरली, की मापकाला प्रकाश जास्त झाल्याचे वाटते आणि तो चित्र काळवंडतो. काळ्या गाडीच्या बाबतीत उलटे होते. मापक चित्र उजळवतो आणि काळा रंग विटक्या पाटीसारखा दिसतो. यावरचा उपाय म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेले हे बटण असते. पांढऱ्या गाडीसाठी ते ०.७ ते १ ने वाढवावे, काळ्या गाडीसाठी तितकेच उणे करावे. मोबाइलवर पडद्यावरील गाडीला स्पर्श केल्यावर सूर्याचे छोटे चिन्ह येते, ते वर-खाली सरकवले की हेच काम होते. आजचे मोबाइल दृश्य ओळखून स्वतःच काही दुरुस्ती करतात, पण एकाच क्षणी घेतलेल्या अनेक चित्रांचे मिश्रण करताना ते उजेड-सावलीतील फरक इतका कमी करतात, की पांढऱ्या गाडीची वळणे सपाट होऊन जातात. तेव्हा बोटाने केलेली दुरुस्ती तेथेही कामाची आहे.

वाढवण्यालाही मर्यादा आहे. पांढरा रंग एकदा पूर्ण उडाला की त्यातील तपशील कोणत्याही संपादनाने परत येत नाही, कारण तो नोंदलाच गेलेला नसतो. अनेक कॅमेऱ्यांत असे भाग लुकलुकताना दाखवण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. क्रोमच्या बंपरवरील एखादी ठिणगी उडाली तर काही बिघडत नाही. बॉनेट उडता कामा नये.

दुसरी तक्रार फुगलेल्या नाकाची. तिचे कारण लेन्सपेक्षा अंतरात आहे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिलिमीटर समतुल्य केंद्रांतराचा, म्हणजे रुंद दृश्य टिपणारा असतो. त्यात गाडी पूर्ण बसवायची तर फार जवळ जावे लागते. जवळ गेले की पुढचा दिवा अवाढव्य आणि मागचे चाक चिमुकले दिसते. चार मीटर लांबीची गाडी बाजूने, थोडी जागा सोडून टिपायची असेल, तर पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ८५ मिलिमीटरची लेन्स लावून सुमारे बारा मीटर मागे जावे लागते आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सला सात मीटर पुरतात. आपल्या शहरांतील गृहसंकुलांच्या आवारात बारा मीटर मोकळे मिळणे कठीण आहे हे मान्य. म्हणूनच रविवारी सकाळी एखादे रिकामे मैदान किंवा बंद बाजारपेठेचा रस्ता गाठणे हे नवी लेन्स घेण्यापेक्षा स्वस्त आणि अधिक फलदायी ठरते. मोबाइलवर स्वतंत्र दूरदर्शी लेन्स असेल तर मागे जाऊन ती वापरावी. नसेल, तर दुप्पट झूम करूनही प्रमाण सुधारते, फक्त तपशील थोडा कमी होतो.

उंचीचाही विचार हवा. आपण उभे राहून, डोळ्यांच्या पातळीवरून छायाचित्र घेतो आणि गाडी खेळण्यासारखी दिसते. गुडघा टेकून कॅमेरा दिव्यांच्या उंचीवर आणला की तिला वजन येते. पुढची चाके वळवायची असतील तर अशी वळवावीत, की कॅमेऱ्याला टायरची नक्षी न दिसता चाकाचा दर्शनी भाग दिसेल. जाणकारांच्या चित्रांत ही बारकाई हटकून आढळते.

अ‍ॅपर्चरबाबत हौशी मंडळींचा एक मोह सांगितला पाहिजे. पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी ते लेन्सचे छिद्र जितके उघडता येईल तितके उघडतात. माणसाच्या चेहऱ्यासाठी ते ठीक आहे, पण गाडी चार मीटर लांब असते. ८५ मिलिमीटरच्या लेन्सने दहा मीटरवरून एफ २.८ वर छायाचित्र घेतले, तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली सव्वादोन मीटरच्या आसपास भरते. गाडी तिरपी उभी असेल तर पुढचा दिवा स्वच्छ आणि डिकी पुसट अशी अवस्था होते. एफ ८ वर हीच खोली सात मीटरच्या पुढे जाते आणि सबंध गाडी त्यात मावते. थांबलेल्या गाडीसाठी एफ ८, आयएसओ १०० आणि ट्रायपॉड, इतके पुरे. उजेड कमी असला तरी गाडी हलणार नाही, त्यामुळे शटर अर्धा सेकंद उघडे राहिले तरी चालते. मोबाइलवरील ‘पोर्ट्रेट’ सोय मात्र गाडीसाठी टाळलेलीच बरी. ती पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या धूसर करते आणि त्या भरात बाजूचा आरसा किंवा अँटेना अर्धवट खाऊन टाकते.

काचेवरील चकाकी काढण्यासाठी पोलरायझर नावाचा फिरता फिल्टर मिळतो. काच आणि लेपनावरून विशिष्ट कोनात परावर्तित होणारा प्रकाश एका दिशेने ध्रुवीभूत होतो. फिल्टर फिरवला की तो अडवला जातो आणि पुढच्या काचेतून आतले स्टिअरिंग दिसू लागते. याच्या दोन मर्यादा फारशा कोणी सांगत नाही. धातूवरील प्रतिबिंबावर त्याचा परिणाम जवळजवळ होत नाही, म्हणून क्रोम तसेच राहते. शिवाय कडक केलेल्या काचा, म्हणजे बहुतेक गाड्यांच्या बाजूच्या आणि मागच्या काचा, पोलरायझरमधून पाहिल्या की त्यांवर ठिपक्यांची जाळी उमटते. तो फिल्टरचा दोष नव्हे. काच घडवताना तिच्यात राहिलेला ताण त्यातून दिसतो. आणखी एक गोष्ट : प्रतिबिंबे पूर्ण काढून टाकली तर गाडी प्लास्टिकची वाटते. थोडे आकाश तिच्या अंगावर असू द्यावे.

धावती गाडी आणि कललेले चाक

चालत्या गाडीचे छायाचित्र घेताना पहिली चूक वेगवान शटरची होते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या हजाराव्या भागात दीड सेंटिमीटरही पुढे जात नाही आणि तिचे चाक तीन अंशांइतकेही फिरत नाही. चित्र स्वच्छ येते, पण गाडी रस्त्यावर उभी असल्यासारखी दिसते. शटर सेकंदाच्या साठाव्या भागावर आणले तर तेवढ्या वेळात गाडी सुमारे २३ सेंटिमीटर जाते आणि चाक एक अष्टमांश फेरी घेते. आता गाडीबरोबर कॅमेरा त्याच गतीने कमरेतून फिरवायचा. गाडी स्थिर राहते, मागची झाडे आणि दुकाने रेघांसारखी ओढली जातात, चाके फिरताना दिसतात. या तंत्राला पॅनिंग म्हणतात. सुरुवात १/१२५ ने करावी, हात बसला की १/६० वर आणि पुढे १/३० वर यावे. पन्नास प्रयत्नांत चार-पाच चित्रे साधली तरी पहिला दिवस चांगला गेला म्हणायचा. भर उन्हात इतका मंद शटर ठेवता येत नाही. आयएसओ १०० वरही छिद्र एफ २० इतके लहान करावे लागते. म्हणजे पुन्हा संध्याकाळच बरी.

मोबाइलवर धावत्या गाडीची चाके कधी कधी लंबवर्तुळाकार आणि कललेली येतात. सेन्सर सारे दृश्य एका क्षणात न वाचता ओळीओळीने वाचतो, तोवर गाडी पुढे सरकलेली असते. हा प्रकार मोबाइलपेक्षा फार जुना आहे. फ्रेंच छायाचित्रकार जाक-आंरी लार्तीग यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टिपलेले मोटार शर्यतीचे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात शर्यतीच्या मोटारीचे चाक पुढे झुकलेले आहे आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक उलट दिशेला कललेले. त्यांच्या कॅमेऱ्याचा पडदा फटीच्या रूपाने चित्रावरून सरकत होता आणि ते स्वतः गाडीच्या दिशेने कॅमेरा फिरवत होते, पण गाडीइतक्या वेगाने नव्हे. तांत्रिकदृष्ट्या फसलेले हे चित्र वेगाची प्रतिमा म्हणून अजरामर झाले. हे लक्षात ठेवले की आपली ‘बिघडलेली’ चित्रे पुसून टाकण्याची घाई होत नाही.

येथे इशारा आवश्यक आहे. चालत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर वाकून शेजारच्या गाडीची छायाचित्रे घेण्याची हौस समाजमाध्यमांमुळे वाढली आहे. ही कामे व्यावसायिक मंडळी बंद केलेल्या रस्त्यावर, सुरक्षा पट्टे बांधून करतात. वाहन चालवताना हातात मोबाइल धरणे मोटार वाहन कायद्यानेही दंडनीय आहे. पॅनिंग पदपथावर उभे राहून करता येते आणि चित्र त्यातूनच अधिक चांगले येते.

तळघरातील वाहनतळावर किंवा रात्री रस्त्यावर वेगळाच त्रास होतो. घरगुती वीजपुरवठ्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळते आणि चित्रावर आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवले की बहुधा पट्टे जातात. गाडीचे एलईडी दिवेही याच कारणाने एखाद्या चित्रात पेटलेले आणि पुढच्याच चित्रात विझलेले दिसतात.

संपादन : किती आणि कशासाठी

संपादनाची तयारी छायाचित्र घेतानाच करावी लागते. शक्य असेल तेथे चित्र ‘रॉ’ स्वरूपात साठवावे. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावलीतील चाक उजळवताना किंवा संध्याकाळच्या आकाशाचा उतार जपताना हा फरक प्रत्यक्ष दिसतो. सॉफ्टवेअर महागच हवे असे नाही. मोबाइलवर स्नॅपसीड आणि संगणकावर डार्कटेबल किंवा रॉथेरपी विनामूल्य उपलब्ध आहेत.

सर्वांत आधी चित्र सरळ करावे. तिरपे क्षितिज असले की गाडी उतारावरून घरंगळत असल्याचा भास होतो. त्यानंतर व्हाइट बॅलन्स. सावलीत उभी पांढरी गाडी निळसर येते, कारण तिच्यावर फक्त निळ्या आकाशाचा प्रकाश पडलेला असतो. चित्रातील एखादा तटस्थ राखाडी भाग निवडून हा झाक दूर करता येतो. मात्र जुन्या गाड्यांचा पांढरा बऱ्याचदा मुळातच मलईसारखा असतो. तो शुभ्र करणे म्हणजे गाडीला नवा रंग देणे होय. पुढे उजळ भाग थोडे खाली आणि गडद भाग थोडे वर आणावेत, चाकांच्या कमानींपुरताच उजेड वाढवावा. इतक्यावर थांबता आले तर उत्तम.

थांबणे हेच बहुतेकांना जमत नाही. ‘क्लॅरिटी’ किंवा ‘स्ट्रक्चर’ नावाची पट्टी शेवटपर्यंत ओढली की गाडी धारदार दिसण्याऐवजी धुळकट दिसते आणि फडक्याने पुसताना पडलेले वर्तुळाकार ओरखडे उठून येतात. रंगांची तीव्रता वाढवण्याचा मोह लाल गाडीला सर्वांत जास्त भोवतो. लाल रंगाची नोंद कमाल पातळीला पोचते आणि पत्र्याची सारी वळणे एका सपाट लाल ठिगळात बुडतात. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पिवळे छप्परही असेच नारिंगी होऊन बसते. रंग उजळवण्यासाठी गाडी धुणे, काचा कोरड्या पुसणे आणि टायरवरचा चिखल काढणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

काय पुसावे आणि काय पुसू नये, हा प्रश्न तंत्राचा नाही. गाडीमागची कचराकुंडी आठवणीच्या चित्रातून काढली तर कोणाचे नुकसान होत नाही. पण तीच गाडी विकण्यासाठी छायाचित्र दिले जात असेल, तर दारावरचा पोचा, गंजलेली कड किंवा बंपरची चीर पुसणे ही खरेदीदाराची फसवणूक आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हे काम एका स्पर्शाचे केले आहे, म्हणून ते क्षुल्लक ठरत नाही. उलट विक्रीच्या छायाचित्रांत पोचा जवळून, तिरप्या उजेडात, वेगळा दाखवावा. येणाऱ्या ग्राहकाची फेरी वाचते आणि घासाघीसही कमी होते. वृत्तछायाचित्रणात तर चित्रातील वस्तू काढणे वा घालणे निषिद्धच मानले जाते. तेथे उजेड आणि रंगाच्या मर्यादित दुरुस्तीपलीकडे जाता येत नाही. समाजमाध्यमांवर चित्र टाकताना नोंदणी क्रमांक झाकणे मात्र योग्य, कारण त्यावरून वाहनाचे तपशील शोधता येतात. चित्राच्या फाइलमध्ये ते टिपल्याचे ठिकाणही नोंदलेले असू शकते. घराच्या आवारात काढलेली चित्रे पाठवण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी.

गाडी द्यायची ठरली असेल, तर केवळ समोरून आणि बाजूने घेतलेल्या चित्रांवर समाधान मानू नये. तळहाताने गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, किल्लीभोवती पडलेले ओरखडे, काचेवरचा जुना स्टिकर, मागच्या आसनावर मुलांनी पेनाने मारलेल्या रेघा, काच खाली करण्याचा दांडा, किलोमीटरचा आकडा, ही सगळी गाडीची ओळख असते. आतील छायाचित्रांसाठी दारे उघडून गाडी सावलीत उभी करावी, खिडकीबाहेरचे ऊन आतल्या काळोखाशी झगडणार नाही. किलोमीटरचा आकडा डिजिटल असेल तर शटर १/६० किंवा त्याहून मंद ठेवावा, अन्यथा अर्धे आकडे गायब येतात. फिरत्या चकत्यांच्या जुन्या मीटरला ही अडचण नाही.

आणि हे सारे व्यवहार ठरण्याच्या आदल्या आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी उरकावे. गाडी न्यायला माणसे बहुधा दुपारी बारा वाजता येतात.